झाकणाआडची पृथ्वी

फकरुद्दीन उस्तादाच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, आणि उरलेली दोन कशी गेली हे माहीत नसलेला माणूस तेरखेड्यात अजून जन्मायचा होता. ती गेली मेव्हण्याच्या एका शब्दावर. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. एका देशमुखाच्या घरच्या लग्नात उस्तादाची शोभेची दारू उडत होती. एक औट, म्हणजे आभाळात जाऊन फुटायचा गोळा, नळकांड्यातच बसून राहिला. वऱ्हाडी फिदीफिदी हसायला लागले. देशमुखाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा उस्तादाचा मेव्हणा जैनोद्दीन पुढे झाला, त्यानं लांबूनच नळकांड्यात डोकावल्यासारखं केलं आणि देशमुखाला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "विझलंय, दुल्हाभाई. घ्या काढून."

उस्तादानं हात घातला. औट विझलेला नव्हता.

त्या दिवसापासून उस्तादाच्या कारखान्यात 'विझलं' या शब्दाला बंदी झाली. कारखाना म्हणजे काय, तर गावाबाहेर दोन पत्र्याच्या शेडी आणि मधे अंगण. पण कायदा कडक होता. एखादा औट फुटला नाही तर गड्यानं एवढंच म्हणायचं: "दिसत न्हाय." म्हणजे माझ्या डोळ्याला काही दिसत नाही, त्यापलीकडचं मला ठाऊक नाही. मग लांबून पाणी ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडेपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही. ही सवय पुढे घरातही शिरली. सकिनाबीनं, म्हणजे उस्तादाच्या बायकोनं, "चूल विझली का गं?" असं विचारलं तर लेक फरिदा आतून ओरडायची, "दिसत न्हाय, अम्मा!" शेजारच्या कस्तुराबाईला या घरातली माणसं थोडी सरकलेली वाटत. पण त्या घरात त्यानंतर एकाचंही नख गेलं नव्हतं, हेही ती कबूल करायची.

मधल्या काळात निजाम गेला, हैदराबादचं मुंबई झालं, मुंबईचा महाराष्ट्र झाला. उस्तादाच्या परवान्याचा कागद तीनदा बदलला. गंधक, सोरा आणि कोळसा मात्र तेच राहिले. आणि फरिदा अठरा वर्षांची झाली.

एकुलती एक पोर. कामाला अशी की उस्ताद मनातल्या मनात तिला आपली गेलेली दोन बोटं म्हणायचा. दारूचा मसाला तोलावा तो तिनंच. दारूच्या डब्यांची नवी झाकणं आली की खिळा आणि हातोडी घेऊन बसावं तिनंच, कारण प्रत्येक झाकणाला काठाशी एक बारीक भोक पाडायचं हा उस्तादाचा दुसरा कायदा होता. डबा कोंडला की तापतो, तापला की झाकणासकट माणूस उडवतो. त्यापेक्षा डब्याला नाक असलेलं बरं. फरिदा दहा वर्षांची असल्यापासून ही नाकं टोचत आली होती.

अशी पोर परक्याच्या घरी पाठवायची उस्तादाची तयारी नव्हती. पण बाप झाला म्हणून 'मला करमणार नाही' असं कारण चारचौघांत सांगता येत नाही. मग तो स्थळांतच खोडी काढायचा. एक मुलगा विडी ओढतो म्हणून गेला. दुसऱ्याच्या घराला पाचटाचं छप्पर होतं. तिसरा बिचारा नुसता शिंकला, उस्ताद म्हणाला, "मसाला तोलताना शिंकला म्हंजी?" तो मुलगा शिंपी होता, हे कुणी सांगायच्या आत पाहुणे टांग्यात बसले होते.

चौथं स्थळ आणलं जैनोद्दीननं. हा आता येडशी स्टेशनावर पॉइंटमन होता आणि रुळांचे सांधे बदलता बदलता लोकांची लग्नंही जुळवायचा. मुलगा त्याच्या बायकोचा भाचा, हैदर. गावातल्या नव्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. शाळेच्या प्रयोगांसाठी चिमूट चिमूट क्षार मागायला तो कारखान्यात दोन-तीनदा येऊन गेला होता आणि ते फरिदानं तोलून दिले होते. दोघांत बोलणं झालं ते "पाव तोळा" आणि "बास" एवढंच. पण तिसऱ्या वेळी फरिदानं पाव तोळ्याला अर्धा तोळा दिला, आणि ज्या मुलीचा काटा आठ वर्षांत एका गुंजेनं हलला नव्हता तिचा हात असा जड झालेला पाहून सकिनाबी काय ते समजली.

"ज्यानं माझी दोन बोटं घालवली, त्यानं आणलेलं स्थळ?" उस्ताद म्हणाला.

"अजी, बोटं त्यानं घालवली. मुलगा त्यानं घडवलेला न्हाय," सकिनाबी म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

हैदर आला. पायजमा, वर शेरवानी, खिशात पेन. विडी ओढत नव्हता, घर कौलारू होतं, आणि तो अर्धा तास बसला तरी एकदाही शिंकला नाही. उस्तादाला घाम फुटायची वेळ आली. म्हणून त्यानं विचारलं, "मास्तर, पोरांना शिकवता तरी काय?"

"सध्या प्रकाश चालू आहे, चाचा. ताऱ्याचा उजेड काचेच्या लोलकातून पाहिला की त्याच्यातले रंग सुटे होतात. त्यावरून तिथं काय जळतंय ते कळतं. तुमच्या चंद्रज्योतीत तांबं घातलंय की लोखंड हे तुम्ही रंगावरून सांगता ना, तसंच."

उस्ताद सावरून बसला. म्हणजे आभाळातला धंदाही आपलाच निघाला. त्याला हा मुलगा आवडायला लागला, आणि ही फार वाईट गोष्ट होती. पण हैदर तरुण होता, त्याला कुठे थांबावं हे कळलं नाही.

"हे तारे म्हणजे आपल्या सूर्यासारखेच सूर्य आहेत," तो म्हणाला. "त्यांच्याभोवतीही ग्रह फिरत असतील. एखाद्यावर पाणी असेल, हवा असेल. आपल्यासारखं कुणी राहतही असेल. अमेरिकेत लोक शोधतायत."

"तुमी बघितलाय असला गिरह?"

"नाही."

"कुणी बघितलाय?"

"डोळ्यानं कुणीच नाही. एक तारा जरासा डगमगतो असं एकानं मोजलंय. शेजारचा कुणी ओढत असेल म्हणून डगमगत असावा, असा अंदाज."

"मग दिसत का न्हाय त्यो शेजारचा?"

"ताऱ्याच्या झगझगाटामुळे. नळा पेटलेला असताना त्याच्या बाजूचा काजवा दिसेल का?"

उस्तादाचा चेहरा उजळला. देवानं वाट दाखवली होती. त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "मास्तर, आमच्या धंद्यात आभाळात जाऊन जे फुटतं तेच खरं. बाकी सगळी बाजारगप्प. रमजानचा चांद दिसायच्या आत मला एक परका गिरह दाखवा. दाखवला तर पोरगी तुमची. न्हायतर बात खतम."

आतल्या खोलीत तराजूचं वजन खाली पडल्याचा आवाज झाला.

"दाखवील की!" जैनोद्दीन ताबडतोब म्हणाला. "त्यात काय!"

हैदरनं बोटांवर दिवस मोजले. रमजानला दहा दिवस होते.

आता खरं तर गोष्ट इथेच संपायची. मास्तर घरी गेला, फरिदा दोन दिवस न बोलता मसाला तोलत राहिली, आणि उस्तादाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिसऱ्या दिवशी तो भुईनळ्याचा नवा मसाला तपासायला बसला. तपासायची त्याची रीत अशी की नळा पेटवायचा, हात लांब करून अंगठ्यानं मधला जाळ झाकायचा आणि कडेच्या ठिणग्या बघायच्या. जाळानं दिपलेल्या डोळ्याला ठिणगी दिसत नाही. जाळ झाकला की मसाल्यातला लोखंडाचा कीस गंजलेला आहे की चांगला ते लगेच कळतं. तीस वर्षं तो हे करत आला होता. त्या दिवशी त्यानं अंगठा धरला आणि तसाच राहिला. नळा विझून गेला तरी अंगठा वरच.

"फरिदा," तो म्हणाला, "ताऱ्याला अंगठा लावला तर?"

त्या संध्याकाळपासून घरात शांतता राहिली नाही. पोरगी द्यायची नाही म्हणून काढलेलं खूळ मास्तराच्या डोक्यात जायचं ते उस्तादाच्याच डोक्यात जाऊन बसलं. मगरिबची, म्हणजे दिवस मावळल्यावरची, नमाज झाली की तो कारखान्याच्या अंगणात. पूर्वेला शेडीच्या वर एक मोठा लखलखीत तारा यायचा. मास्तरानं त्याचं नाव व्याध सांगितलं होतं. उस्ताद त्याला अंगठा लावायचा, पण हात हलायचा. तारा इकडून नाहीतर तिकडून बाहेर पडायचा. "अजी, लोक काय म्हणतील," सकिनाबी म्हणायची, "म्हातारा आभाळाला ठेंगा दाखवतो म्हणतील."

मग त्याला युक्ती सुचली. तेरा हाती वेळू अंगणाच्या टोकाला पुरला. "फरिदा, एक झाकण आण," तो म्हणाला. फरिदानं ढिगातलं वरचं झाकण आणलं आणि वेळूच्या शेंड्याला उभं बांधलं. उस्ताद चाळीस पावलं मागे जाऊन पाटावर बसला, हनुवटीखाली कुबडी धरली, आणि तारा झाकणाआड जायची वाट बघू लागला.

तारा झाकणाआड गेला. काळोख झाला. आणि त्या काळोखात, बरोबर ताऱ्याच्या बाजूला, एक बारीक ठिपका उमटला. उस्तादानं मोजायला घेतलं. एक, दोन, तीन, चार. ठिपका गेला.

"फरिदा!" तो असा ओरडला की वाटेनं चाललेली कस्तुराबाई घागर टाकून धावत आली.

फरिदानंही पाहिलं. पाट दोन हात पुढे घ्यावा लागला, कारण तारा वर चढला की झाकणाची सावली काठीकडे सरकते. तिलाही ठिपका दिसला. तिचा चेहरा अंधारात दिसत नव्हता, पण आवाजात हसू होतं. "मग झालं की, अब्बा."

"काय झालं? त्यानं कुठं दाखवला? म्या दाखवला." उस्ताद उठून अंगणात येरझारा घालायला लागला. मग त्याला मोठेपणा सुचला. अमेरिकेला जमलं नाही ते तेरखेड्याला जमलं होतं. अशा वेळी माणूस दिलदार होतो. "बरं, असं करू. उद्या मास्तराला बोलव म्हणावं मामाला. त्यानं बघायचं, आन् गावासमोर नुसतं 'व्हय' म्हणायचं. एक शब्द. मग माझी ना न्हाय."

एवढं सोपं स्थळ मराठवाड्यात कुणाला मिळालं नसेल.

दुसऱ्या संध्याकाळी गाव लोटलं. सरपंच बब्रुवान पाटील फेटा बांधून आले. जैनोद्दीन येडशीहून ड्यूटी बदलून आला. कारखान्याच्या शंभर पावलांत दिवा, विडी, काडीपेटी काही आणायचं नाही हा नियम गावाला तोंडपाठ होता, त्यामुळे सगळे चाचपडत, एकमेकांच्या पायावर पाय देत अंगणात आले. काळोख तर असा की तेवढा सबंध तालुक्यात कुठे मिळाला नसता.

धोंडीबा नावाचा कारखान्यातला जुना गडी होता. ठिपका किती वेळ दिसतो ते मोठ्यानं मोजायचं काम त्याला दिलं. त्याला हे सगळं पसंत नव्हतं. "आपल्याच नऊ गिरहांनी जीव नकोसा केलाय," तो म्हणाला, "आता आन् हे परके कशापायी?"

पहिला मान पाटलांचा. ते बसले, तारा झाकला गेला, आणि ते म्हणाले, "आला! आला!" धोंडीबानं चारपर्यंत मोजलं. पाटील उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "जमीन भारी दिसतीय." मग जैनोद्दीन. त्याला झाडं दिसली. मग एकेक जण. प्रत्येक माणसामागे पाट दोन हात पुढे सरकत होता आणि त्याच्यामागून सगळं गाव सरकत होतं. कस्तुराबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला स्वतःचा उंबरा दिसत नसे. तिलाही ग्रह दिसला, आणि बराच स्वच्छ दिसला. कुणीतरी मधेच धोंडीबालाही बसवलं. तो उठून म्हणाला, "हिरवं हाय. ज्वारीच असंल."

"आता सहा मोजलं धोंडीबानं," पाटील म्हणाले. "मघा चारच व्हतं."

"वळख वाढाय लागली," उस्ताद म्हणाला. त्याची छाती शेरवानीत मावत नव्हती. रमजानच्या चांदाला दोन साक्षीदार पुरतात, इथे वीस झाले होते! पाटलांनी तर जाहीर करून टाकलं की उद्याच उस्मानाबादला कलेक्टरसाहेबांना अर्ज धाडायचा, आणि त्या पृथ्वीला नाव द्यायचं झालं तर तेरखेडा हेच द्यायचं, म्हणजे पुढे हद्दीचा वाद नको.

एकविसावा हैदर. शाळेचा जादा वर्ग घेऊन तो आला तेव्हा पाट काठीपासून पंधरा-सोळा पावलांवर आला होता. तो बसला. शेडीच्या दाराशी ओढणी घेऊन कुणीतरी उभं आहे हे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तारा झाकला गेला. ठिपका उमटला. धोंडीबानं मोजायला सुरुवात केली. "...सहा, सात, आठ."

हैदर उठला नाही.

"व्हय म्हण," जैनोद्दीन त्याच्या कानाशी पुटपुटला. "अरे, व्हय म्हण की."

"उजेड दिसला, चाचा," हैदर म्हणाला. "पण तो ग्रह आहे असं मला म्हणता येणार नाही."

मग पाटील म्हणाले, "मास्तर, आमी वीस माणसं काय लबाड हावोत?"

"नाही, पाटील. दिसलं ते सगळ्यांना दिसलं. पण तुम्ही बसला तेव्हा धोंडीबामामांनी चार मोजले. आता आठ. मधे बदललं काय? एवढंच की आपण काठीच्या जवळ आलो. ग्रह असता तर त्याला आपली काठी कशाला ठाऊक असती? तो तेवढाच वेळ दिसला असता. म्हणजे जे काही आहे ते त्या झाकणापाशी आहे. काय आहे ते मला माहीत नाही."

दाराशी ओढणी हलली आणि आत गेली.

उस्तादाची कानशिलं तापली. सगळ्या गावासमोर, त्याच्याच अंगणात, त्याच्या झाकणावर संशय! "फरिदा!" तो गरजला. "उतरव त्ये झाकण! आण हिकडं!"

फरिदा बाहेर आली. तिनं वेळू वाकवला, झाकण सोडलं, आणि बापाच्या हातात दिलं. कुणीतरी म्हणालं, कंदील आणा. त्यावर चार गडी एकदम अंगावर धावले: "कंदील? हितं?" मग उस्तादानं अंधारातच झाकण चाचपायला सुरुवात केली. मधोमध गुळगुळीत. वरचा काठ गुळगुळीत. खालच्या काठाशी अंगठा थांबला.

भोक होतं. खिळ्याचं बारीक भोक, डब्याचं नाक, त्यानंच शिकवलेलं, त्याच्याच लेकीनं टोचलेलं. तारा झाकणाआड जात होता आणि त्या भोकातून तोच तारा पुन्हा डोकावत होता. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं झाकण टांगलं असतं तर ते साबूत असतं. तेरखेड्याच्या दारूवाल्यालाच हा ग्रह सापडणार होता.

उस्तादानं अंगठा भोकावर दाबून धरला. अंधार गच्च होता. कुणाला काही दिसत नव्हतं. त्याला एका क्षणात सगळं समजलं: एवढंच म्हणायचं, झाकण साबूत आहे. ग्रह राहील. गावाचं नाव राहील. मास्तर खोटा पडेल, शरमेनं बदली मागून जाईल. आणि फरिदा घरी राहील. तिच्या हातचा मसाला, तिची खिळ्याची टकटक, संध्याकाळी तिचं "अब्बा, चला" हे सगळं राहील. त्याला हे इतकं हवं होतं की डोळ्यांत पाणी आलं.

"काय न्हाय ना, दुल्हाभाई?" जैनोद्दीन शेजारून म्हणाला. त्यानं झाकणाला हातही लावला नव्हता. "काय असणार? साबूत हाय. म्या सकाळीच बघितलंय."

तोच आवाज. देशमुखाच्या मांडवातला. मोठ्या माणसाला बरं वाटावं म्हणून लांबूनच डोकावून बोलणारा. उस्तादाची नसलेली दोन बोटं अशी ठणकली की त्यानं झाकण दुसऱ्या हातात घेतलं.

"भोक हाय," तो म्हणाला.

"काय?" पाटील म्हणाले.

"झाकणाला भोक हाय, पाटील. आमी सगळ्याच झाकणांना पाडतो."

"मग म्या भारी जमीन बघितली ती?"

"भोक."

मग कस्तुराबाई म्हणाली, "मला तर तवाच वाटलं व्हतं," आणि अंगणात हशाचा असा बार उडाला की गावातली कुत्री भुंकायला लागली. धोंडीबा तेवढा हसला नाही. "पर हिरवं व्हतं," तो म्हणत राहिला. पाटलांनी फेटा सारखा केला आणि कलेक्टरसाहेबांना सध्या फार कामं असतात असं सांगून ते निघाले.

हैदर कोपऱ्यात उभा होता, निघावं की थांबावं अशा बेतात. उस्ताद चाचपडत त्याच्यापाशी गेला.

"मास्तर, तुमाला ठावं व्हतं ना, 'व्हय' म्हटलं की पोरगी मिळती?"

"ठाऊक होतं, चाचा."

"मग?"

"मला दिसलं तेवढंच बोललो."

उस्तादानं झाकण काखेत मारलं. मग म्हणाला, "शुक्रवारी मंगनीला या. जैनोद्दीनला संगं आणा. पर बोलायचं तुमी, त्याला बोलू देऊ नका."

"पण मी तर ग्रह दाखवला नाही."

"भोक दाखवलं न्हवं? माझ्या धंद्यात त्येच जास्त कामाचं." एवढं बोलून तो भर्रकन शेडीमागे गेला आणि मिरचीचा ठसका लागल्यासारखा तोंडाला पंचा लावून बराच वेळ तिथेच उभा राहिला. सकिनाबीनं त्याला बोलावलं नाही.

ईदनंतर लग्न झालं. उडवायला घेतलेल्या औटांपैकी एकही नळकांड्यात बसून राहिला नाही. जूनमध्ये हैदरची बदली अणदूरला झाली आणि फरिदा ट्रंक घेऊन गेली. जायच्या आधी तिनं चार दिवस बसून सबंध वर्षाची झाकणं टोचून ठेवली, दोनशेच्या वर. उस्ताद तिला "राहू दे" म्हणाला नाही, कारण ती टकटक त्याला ऐकायची होती.

वर्षभर तो ढिगातलं एकेक झाकण घेत गेला. परत पौष आला तेव्हा ढीग तळाला लागला होता. शेवटचं झाकण त्यानं उचललं, सवयीनं काठावरून अंगठा फिरवला, आणि थांबला. भोक नव्हतं. उजेडात नेऊन बघितलं. आतल्या बाजूला खडूनं लिहिलं होतं, उर्दूत, कारण उस्तादाला मराठी अक्षरं अजून अडखळत यायची: 'अब्बा, हे साबूत आहे. मी स्वतः बघितलंय.'

त्या संध्याकाळी नमाज झाल्यावर त्यानं वेळू परत उभा केला, झाकण बांधलं, चाळीस पावलं मोजली आणि पाटावर बसला. व्याध शेडीच्या वर आला होता. अणदूरही त्याच अंगाला येतं, असं उस्तादानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. तारा झाकणाआड गेला. या वेळी ठिपका उमटला नाही. निव्वळ काळोख. तो डोळे ताणून त्या काळोखाकडे बघत राहिला.

सकिनाबी घराच्या वाटेवर येऊन उभी राहिली. "अजी, जेवायचं हाय का न्हाय? काय दिसलं का?"

"दिसत न्हाय," उस्ताद म्हणाला, आणि पाट दोन हात पुढे सरकवून परत बसला.